सटवामामांनी बहुरूपी बसवला

एखाद्या माणसाबद्दल कुणी लिहायला बसलं की वाचणारे आधीच डोळे पुसायला उपरणं काढून ठेवतात. माणूस गरीब असणार, मनाचा राजा असणार, आणि शेवटच्या पानावर बिचाऱ्याला मरावं लागणार. तर तुमचं उपरणं कोरडंच राहणार, हे आधी सांगून टाकतो. सटवामामा गरीब नाहीत. त्यांच्या मेंढ्या रस्त्यावर आल्या की ताडकळसची मोटार उभी राहते, आणि ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळतो. मनाचे राजे म्हणावं, तर बिडी मागितली की अर्धी तोडून देतात, आणि तीबी विझलेली अर्धी. मरायचं म्हणाल, तर ते काम त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

मग लिहायलो कशाला? तर मी नकला करतो. मानवतला शाळेत होतो तव्हा निम्मा वेळ मास्तरांच्या नकला केल्या आणि निम्मा वेळ त्यांचा मार खाल्ला, राहिलेल्या वेळात शिकलो. आता बापाच्या किराणा दुकानात बसतो. गावात कुणाचंही सोंग मला जमतं. पाटलाचं खोकणं, मास्तरांचं नाक वढणं, आमच्या म्हातारीचं देवाला बोलता बोलता सुनेला टोमणे मारणं, सगळं. सटवामामांचं सोंग तर आंधळ्यानं ऐकलं तरी फसंल असं. फक्त एका जागी ते चुकलं. त्या एका जागेपायी हे सगळं लिहायलो.

मामा धनगर. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळं घोंगडं. घोंगड्याचा वास मामांच्या आधी येतो आणि मामा गेल्यावर घटकाभरानं जातो. मोटारीत बसले की आजूबाजूची जागा आपोआप मोकळी होते. मामा म्हणतात, "लय मान देतात लोक." कुठं खुर्ची दिली तरी बसत नाहीत. काठी हनुवटीखाली धरून, एका पायावर दुसरा पाय ठेवून बगळ्यासारखे उभे राहतात. कुणी महत्त्वाचं बोलायला लागलं की एक डोळा मिटतात. मी एकदा विचारलं तर म्हणले, "दोनी उघडे ठिवले की मान्साचं तोंड दिसतंय. बोलणं ऐकू येत न्हाई." रामराम करताना हात छातीपर्यंत येतात, मुंडासं मात्र जागचं हलत नाही. समोर पाटील असो की पोलीस, रामराम तोच.

आणि एक शब्द कायम तोंडात: "बसवून बगा की."

हा शब्द त्यांच्या धंद्यातला. रान मोकळं झालं की शेतकरी धनगराला सांगावा धाडतो. मेंढ्या त्याच्या रानात मुक्कामाला बसतात, लेंड्या पडतात, जमिनीला खत होतं. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. दोन-तीन मुक्काम झाले की कळप उठून शेजारच्या रानात. ह्याला मेंढ्या बसवणं म्हणतात. यात कुणी कुणाचे उपकार मानत नाही. एकजण खत देतो, एकजण धान देतो, मग बांधावर बसून दोघं एकमेकांचा चुना मागतात.

मामांना जगातल्या सगळ्या दुखण्यावर हाच इलाज ठावा. कुणाचं पोरगं अभ्यास करीना, तर "मास्तराच्या घरी बसवून बगा." सुनेचं सासूशी पटंना, तर "सासूला बसवा तिच्या म्हायेरी म्हैनाभर." आमी हसायचो. मी तर दुकानात त्यांच्या आवाजात गिऱ्हाइकांना सांगायचो, "गूळ पातळ झाला का? उन्हात बसवून बगा की."

मग त्यांनी एक दिवस माणूस बसवला.

तो माणूस म्हणजे सोपानकाका. जातीचा बहुरूपी. सुगीनंतर गावोगाव सोंगं घेऊन हिंडायचा. कधी जमादार, कधी पोटुशी बाई, कधी वसुलीला आलेला निजामाच्या वक्ताचा कारकून. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोपानकाकाचा कारकून पारावर आला की अजून म्हातारे हळूच उठून घराकडं चालू लागायचे. असं सोंग! पण आभाळ भरलं की बहुरूप्याचं सगळं बंद. पाऊस-चिखलात दारोदार कोण हिंडणार, आणि तोंडावरचा रंग टिकणार कसा? पावसाळ्याचे चार महिने म्हणजे त्याला उपासच.

त्या साली पावसाळ्याच्या तोंडाला तो गावात आला तो जमादार होऊन. पाऊस त्याच्याआधी पोचला होता. मिशी एका गालावर उतरलेली, खाकी अंगाला चिकटलेली, आणि जमादार मारुतीच्या देवळात थंडीनं कुडकुडायलेला. लोक जमले. पाटील म्हणले, "पायलीभर ज्वारी द्या अन् वाटंला लावा."

मामा खांबाला टेकून उभे होते. एक डोळा मिटला.

"ज्वारी देऊन वाटंला लावायला तो काय भिकारी हाय का? बसवा की त्याला."

"कुठं बसवा?"

"गावात. आठ दिस ह्या घरी, आठ दिस त्या घरी. ज्याच्या घरी बसंल तेनं भाकर द्यायची. चार म्हैने निघून जातेत."

पाटलानं खोकून घेतलं. पाटील खोकले की समजायचं आता टोला येणार. "मामा, तुपलं मेंढरू लेंडी टाकतंय, म्हणून लोक बसवतेत. ह्यो काय टाकणार?"

सगळं देऊळ हसलं. सोपानकाका बी हसला. मामा हसले नाहीत.

"ते उगवल्यावर कळंल," ते म्हणले. "लेंडी पडल्या दिशी कुनी कणीस मागतंय का? पैले आठ दिस मपल्या घरी."

मामांनी एकदा म्हणलं की झालं. पहिले आठ दिवस स्वतःच्या घरी बसवला, मग दारोदार हिंडून पुढची घरं ठरवली. "न्हाई" म्हणणाऱ्याच्या दारात ते नुसते उभे राहायचे. भांडण नाही, बोलणं नाही. काठी हनुवटीखाली, पायावर पाय, आणि वास. कुठल्याबी घरानं दुपारपर्यंत दम काढला नाही.

आमच्या घराची पाळी आली तव्हा मी सोपानकाकाला माझ्या सगळ्या नकला करून दाखवल्या. त्यानं सगळ्या ऐकल्या, सुपारी कातरून तोंडात टाकली, आणि म्हणला, "गळा चांगला हाय. मानूस एक बी आला न्हाई."

मला लय राग आला. म्हणलं, "आता पाटील हुबेहूब खोकला की!"

"खोकला आला. पाटील कुठं आला? अरे, आवाज लई मागून येतंय. आदी त्या मान्साचं वझं उचल. तो कुठं वाकतो ते बग. अन् कुठं वाकत न्हाई ते बी बग. मग आवाज तेच्या मागं आपसूक येतंय."

ते आठ दिवस त्यानं मला एक शब्द बोलू दिला नाही. नुसतं चालायला लावलं. डोक्यावर पाण्याची घागर असलेली बाई, घागर उतरवल्यावरची बाई. मेंढीमागचा धनगर, मेंढी हरवलेला धनगर. बाप म्हणायचा, "पोरगं वेडं झालं, तेल मागितलं की लंगडत आणतंय." पण त्या आठ दिवसांत मला पहिल्यांदा कळलं, की आपण आजवर नुसते आवाज चोरत होतो.

दुसऱ्या घरीबी काय काय उगवलं. कुंभाराच्या बायकोनं मडक्यावर बोटानं तोंडं काढायला सुरुवात केली. मास्तरांनी शाळेत पोरांचं सोंगी भारूड बसवलं. सुगी आली आणि सोपानकाका सोंगांची पेटी उचलून हिंडायला गेला, तव्हा गाव त्याला वेशीपर्यंत सोडायला आलं.

पण पुढल्या साली गावाचा उत्साह विरला. ज्वारी कमी झालती, भाकरी पातळ झाल्या. सोपानकाका आला तर खरा, पण लोक पाळी चुकवू लागले. एकीची आई आजारी पडली, एकाचं छप्पर गळू लागलं. एक दिवस सोपानकाका मामांना म्हणला, "मामा, मानवतच्या आडत्याशी बोलून आलो. तो हमालीला घेतो म्हणला. पेटी इकून टाकतो. पाठीवर पोतं असलं की ह्यो काय टाकणार म्हणून कुनी इचारत न्हाई."

मामांचा एक डोळा मिटला. "कव्हा बोलावलंय?"

"दिवाळीला."

"मग दिवाळीपतोर पेटीला हात लावू नको."

राज्य बदलल्यापासून परभणीच्या कचेरीत नवेनवे साहेब यायलते आणि त्यांच्याबरोबर नव्यानव्या योजना. खेड्यातल्या कलावंतांना राहायला आणि शिकवायला सरकार मदत देणार, अशी एक योजना निघाल्याचं मास्तरांनी पेपरात वाचलं. मामांनी मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. त्या सरकारी मदतीला मामा वजीफा म्हणायचे. जुन्या राज्यात सरकारकडून काही मिळायचं तर तेवढा एकच शब्द त्यांना ठावा.

श्रावणात साहेब पाहणीला आले. पश्चिमेकडून बदलून आलेले, छापलेल्या पुस्तकासारखं बोलणारे. पायात बूट. आमची काळी माती बुटाला धरली की सोडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कलावंताचं निवासस्थान कुठं आहे?"

"चला," मामा म्हणले.

मामांना वाटलं, साहेब बसवणं बघायला आलेत, तर रीतसर दाखवावं. मेंढ्या बघायला आलेल्या माणसाला जसं कळप कुठं कुठं बसला ते रान न रान दाखवतात, तसं मामांनी साहेबांना घर न घर दाखवायला काढलं. "ह्या घरी आठ दिस बसला. आता तिकडं किसनाच्या आखाड्यावर हाय." आखाडा म्हणजे रानातलं छप्पर. साहेब चिखल तुडवत तिथं गेले, मागं आमी. किसन म्हणला, "माझे आठ दिस सकाळीच भरले. कुंभाराकडं गेला." कुंभाराकडं गेलो तर कुंभारीण म्हणली, "माझ्या पोटात दुखायलं व्हतं म्हणून मी पुढं धाडला."

साहेबांच्या एकेका पायाला मेंढीएवढा चिखल. ते पारावर बसले आणि काडीनं बूट खरडत म्हणले, "माणसाला ठिकाणा नाही आणि तुम्ही निवासासाठी अनुदान मागता? खोली बांधा. पक्की खोली. कलावंत तिथे राहील. त्याला मदत देता येईल."

गाव खूष झालं. खोली झाली की तो तिकडं, आपली भाकर इकडं. पाटलानं जागाबी दाखवली, गावाच्या पार भाईर, पांढरीच्या, म्हणजे गावठाणाच्या, टोकाला.

"खोली नको," मामा म्हणले.

"मामा!" पाटील दबक्या आवाजात वरडले.

"खोली नको साहेब. खोलीत बसवला तर सगळं खत एकाच जागी पडंल. बाकीचं रान कसं पिकंल? भाकरीचं तेवढं बगा. बसायला जागा गाव देतंय."

साहेब उठले. म्हणले, परभणीला येऊन काय ते नीट सांगा, नाहीतर फाईल बंद. तारीख दिली आणि चिखलासकट निघून गेले. त्या दिवशी मामांच्या बाजूनं गावात एक माणूस नव्हता. सोपानकाकाबी म्हणला, "घ्यायची व्हती खोली, मामा." मामा एवढंच म्हणले, "तू गप. मेंढराला कुनी इचारतंय का, कुठं बसतो म्हणून?" आणि परभणीला जायची तयारी म्हणून मुंडासं धुवून वाळत घातलं.

आणि नेमका परभणीच्या आदल्या दिवशी कळपावर लांडगा आला. मेंढ्या चहूकडं उधळल्या. मामा पावसात हाका मारत रान पालथं घालत राहिले. मेंढ्या मिळाल्या, आवाज गेला. सकाळी मोटारीजवळ मला काही सांगायला गेले तर नुसते ओठ हलले. मला बरोबर घेतलं होतं ते वाचता येतं म्हणून, कचेरीतल्या पाट्या वाचायला.

साहेबांनी खुर्ची दाखवली. मामा उभेच राहिले.

"बोला."

मामांनी तोंड उघडलं. फुटक्या भात्यातून यावी तशी हवा आली.

"बोला की!"

परत हवा. शिपाई तोंडाला हात लावून हसायला लागला. साहेबांनी फाईल मिटायला घेतली. तसं मामांनी माझी कॉलर धरली, मला पुढं वढलं, स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, आणि मग माझ्या गळ्याला.

मी दाराकडं बघितलं. पण सोपानकाकाचं आठवलं: आधी वझं उचल. मी मामांच्या हातातली काठी घेतली, हनुवटीखाली धरली, पायावर पाय ठेवला, एक डोळा मिटला. आणि आवाज आपसूक आला.

"रामराम साहेब. मी सटवा. गळा बसलाय, म्हणून ह्या नकल्याच्या तोंडानं बोलायलो."

शिपायाचं हसणं थांबलं. साहेब एकदा माझ्याकडं, एकदा मामांकडं बघायले. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा न्हाई साहेब, खत हाय. तुमी म्हणलाव ना, मान्साला ठिकाणा न्हाई? बगा, हे पोरगं वाण्याचं. बापाला वाटलं तराजू धरंल. तेच्या घरी आठ दिस सोपान बसवला व्हता. आता हे बगा काय उगवलंय. गावाभाईर खोलीत ठिवला असता, तर आज मपल्या जागी कोन बोललं असतं?"

मामांनी पाय आपटला. म्हणजे बराबर. मला जोर चढला. कुंभारणीची मडकी सांगितली, शाळेतलं भारूड सांगितलं. सोपान दिवाळीला पोतं उचलायला जाणार तेबी सांगितलं. "एकदा त्या पाठीवर पोतं बसलं साहेब, की मग कुठलंच सोंग बसत न्हाई."

साहेबांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, कागदाकडं नेला. पण तोंडावर काही दिसंना. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. आता नामंजूर लिहिणार. आणि मी, मामांच्याच आवाजात, काठी खाली ठेवली, कमरेत वाकलो, हात जोडले आणि म्हणलं, "दया करा, मायबाप सरकार! गरिबाच्या पदरात टाका!"

मामांनी परत पाय आपटला. लय जोरात. मला वाटलं, खूष झाले.

साहेबांनी लिहिलं. मान वर केली तव्हा ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू होतं. "खोलीची अट काढतो. पावसाळ्याचे महिने कलावंताचा शिधा सरकार देईल. राहायला जागा गावानं द्यायची. आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी होईल." मग मला म्हणले, "माझी नक्कल करू नकोस म्हणजे झालं." ती मी मोटारीत बसायच्या आधीच शिपायाला करून दाखवली.

येताना मी फुगून बसलो होतो. मामा खिडकीबाहेर बघत होते. एकदा माझ्याकडं वळले, तोंड उघडलं, हवा आली, परत खिडकीकडं. मला वाटलं, बिचाऱ्यांना शाबासकी द्यायची असंल.

गावात तर माझी मिरवणूकच निघायची बाकी राहिली. आता शिधा सरकारचा म्हणल्यावर सोपानकाकाला आपल्या घरी बसवायला भांडणं लागली. "ह्यो काय टाकणार" म्हणणारे पाटील आठाचे पंधरा दिवस मागायले. सोपानकाकानं आडत्याला सांगावा धाडला, येत न्हाई म्हणून, आणि पेटीतल्या जमादाराला नवी मिशी केली. मामा मात्र माझ्याशी बोलंनात. बोलता येतच नव्हतं म्हणा, पण दुकानावरून जाताना नुसते बघायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

मग एक दिवस सकाळी दुकानासमोर मेंढ्या थांबल्या आणि हाक आली. खणखणीत.

"ए नकल्या! भाईर ये!"

गळा सुटला होता. मी हसत बाहेर गेलो. गिऱ्हाइकं होती, बाप होता, सोपानकाका पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"मपल्या तोंडानं भीक कामून मागितलीस रे?"

माझं हसू तिथंच.

"मामा, मंजूर झालं की..."

"तू वाकायच्या आदी साहेबाचा टाक कागदावर टेकला व्हता! मी बगत व्हतो. दोनी डोळ्यानं! खत कसं पडलं ते दाखवलंस, समदं बराबर केलंस. साहेबाला पटलं. तो लिव्हायला लागला. अन् तव्हा हे बेनं वाकलं! मायबाप म्हणलं! सांग ह्या सगळ्यांला, धनगर मेंढ्या बसवतो तव्हा शेतवाल्याच्या पाया पडतो का?"

"न्हाई, मामा."

"ह्यो सोपान गावाला देतो. म्हणून तेचा शिधा. ती दया न्हाई. आता त्या साहेबाच्या डोक्यात काय राहिलं? सटवा आला अन् पदर पसरून गेला! पुढल्या साली मला तिथं जाऊन पैलं तुपलं वाकणं निस्तरावं लागतंय, मग पुढचं बोलणं!"

मी सोपानकाकाकडं बघितलं. काहीतरी बाजू घ्यावी त्यानं. तो सुपारी कातरतच म्हणला, "सांगितलं व्हतं तुला. कुठं वाकत न्हाई ते बी बग."

"घे काठी," मामा म्हणले. "कर मपलं सोंग. जिथं वाकलास तिथून."

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी काठी हनुवटीखाली धरली, पायावर पाय ठेवला. म्हणलं, "साहेब, आमी देतो, तुमी द्या. रामराम."

मामांची टपली मानेवर बसली. "मान कामून हालली?"

परत केलं. परत टपली. बाप खुशीत होता, त्याचं काम दुसरं कुणी करायलं म्हणून. शेवटी मामांनी काठी काढून घेतली, मला बापासमोर दोन अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिल्या तर कुणी छापणार नाही, आणि कळप हाकत निघाले. काळ्या घोंगड्याची पाठ, पुढं मेंढ्यांच्या पाठी, चिखलात हजार खुरांचा चपचपाट.

ते पार मारुतीच्या देवळापर्यंत गेले तसा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि गिऱ्हाइकांना हसवायला हळूच त्यांचा रामराम केला. हात छातीपर्यंत. मान सरळ.

तिकडून, मागं वळून न बघता, मामा वरडले, "अजून वाकडी हाय!"